लिलावात किंमत दुसरा ठरवतो

ऑनलाइन लिलावात जुनं पोस्टाचं तिकीट, नाणं, कॉमिक किंवा खेळाडूचं कार्ड घ्यायला नव्याने उतरणारे बहुतेक जण बोली लावताना हात आखडता घेतात. जो आकडा टाकू तेवढे पैसे जाणार, अशी त्यांची समजूत असते. मग ते थोडं थोडं वाढवत जातात, कोणी वर गेलं की इरेला पेटून पुन्हा वाढवतात, आणि शेवटी एक तर वस्तू हातची जाते किंवा मनात होते त्यापेक्षा बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. लिलावातली किंमत नेमकी कोण ठरवतो हे एकदा नीट कळलं, की यातला बराचसा गोंधळ आपोआप मिटतो.

ईबेसारख्या साइटवर तुम्ही टाकता तो आकडा म्हणजे तुमची कमाल बोली. ती गुप्त राहते. तुमच्या वतीने साइट स्वतःच बोली लावते, आणि तीही गरजेपुरतीच. समजा एका तिकिटाची सुरुवातीची बोली ४०० आहे आणि अजून कोणी आलेलं नाही. तुम्ही १००० टाकलेत, तरी पडद्यावर किंमत ४०० च दिसेल. थोड्या वेळाने कोणीतरी ६२० टाकतं. किंमत एका टप्प्याने पुढे सरकते. टप्पा १० चा असेल तर ६३० होते, आणि पुढे अजूनही तुम्हीच असता. समोरच्याला एवढंच कळतं की कोणीतरी आपल्या वर आहे. किती वर आहे ते कळत नाही. तो ७०० टाकतो, किंमत ७१० होते. इथे तो थांबला तर वस्तू तुम्हाला ७१० ला मिळते. तो आलाच नसता, तर ४०० ला मिळाली असती.

या सगळ्यात तुमचा १००० चा आकडा एकदाही बदलला नाही. तुम्ही जिंकणार की नाही, एवढंच त्या आकड्याने ठरलं. जिंकल्यावर किती द्यायचे हे ठरवलं दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाने.

या पद्धतीची अर्थशास्त्रीय मांडणी अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री (Vickrey) यांनी १९६१ मध्ये केली. पुढे १९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना आणि जेम्स मिरलीस यांना मिळून दिलं गेलं. अशा लिलावात वस्तूची आपल्या लेखी जी खरी किंमत असेल तीच बोली लावणं सगळ्यात हिताचं, असं विक्री यांनी दाखवलं. कमी लावून पैसे वाचत नाहीत, फक्त जिंकण्याची संधी जाते; जास्त लावलं तर कधीतरी नको त्या किमतीला वस्तू गळ्यात पडते. गंमत अशी की तिकीट जमवणाऱ्यांना ही युक्ती त्याच्या कितीतरी आधी सापडली होती. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, नॉर्दम्प्टन इथे तिकिटांचा एक लिलाव टपालाने बोल्या मागवून झाला, आणि त्यात जिंकणाऱ्याकडून दुसऱ्या बोलीच्या आसपासचीच रक्कम घेण्याचा नियम होता. लांबच्या संग्राहकांनी निर्धास्तपणे आपला खरा आकडा पाठवावा, म्हणून.

यावरून स्वस्त सौद्याची एक सरळ व्याख्या निघते, आणि माझ्या मते या विषयात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ज्या लिलावात तुमच्याइतकाच जाणकार दुसरा माणूस हजर नाही, तिथे वस्तू स्वस्त मिळते. शेवटच्या सेकंदाला बटण दाबण्याच्या कौशल्याला फार तर दुय्यम स्थान आहे. खरं काम त्याच्या आधीचं: आपला आकडा पक्का करणं, आणि दुसरा जाणकार जिथे पोहोचलेला नाही अशा जागा शोधणं.

आकडा आधी, बोली नंतर

आकडा ठरवताना लोक चालू लिलाव आणि विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती बघतात. मागितलेली किंमत ही फक्त विक्रेत्याची इच्छा असते. बघायचं ते विकल्या गेलेल्या वस्तू. बहुतेक साइटवर पूर्ण झालेले व्यवहार वेगळे दाखवण्याची सोय असते, आणि मोठी लिलावगृहं आपले जुने निकाल खुले ठेवतात. त्याच प्रतीच्या, त्याच अवस्थेतल्या निदान पाच-सहा वस्तू बघाव्यात. एखादाच फार चढा निकाल दिसला तर तो बाजूला ठेवावा. दोन हट्टी माणसं एकाच वेळी भिडली की असा निकाल लागतो, आणि पुढच्या वेळी ती दोघं असतीलच असं नाही.

मग उलटा हिशोब करायचा. वस्तू घरी पोहोचेपर्यंत एकूण १००० खर्च करायची तयारी आहे असं धरा. लिलावगृह खरेदीदाराकडून बोलीवर २० टक्के कमिशन घेतं, आणि टपाल-पॅकिंगचे १०० लागतात. आधी १०० वजा करा, उरले ९००. त्याला १.२ ने भागा, आले ७५०. तुमची कमाल बोली ७५०, फार तर वर दोन-चार सुटे. खरेदीदाराकडून कमिशन घेण्याची प्रथा क्रिस्टीज आणि सदबीज या लिलावगृहांनी लंडनमध्ये १९७५ मध्ये १० टक्क्यांनी सुरू केली. आता बऱ्याच ठिकाणी हा दर त्याच्या दुपटीच्या वर गेला आहे, त्यामुळे अटी वाचल्याशिवाय बोली लावणं म्हणजे आंधळेपणाने पैसे देणं. वस्तू परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्क आणि कर याच हिशोबात धरायचे.

टपालखर्चाकडे तर मुद्दाम लक्ष द्यावं. तनजिम हुसेन आणि जॉन मॉर्गन या अर्थतज्ज्ञांनी ईबेवर सीडी आणि व्हिडिओ गेम विकून केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीची बोली कमी आणि टपाल जास्त ठेवलं, की विक्रेत्याच्या हाती बहुधा जास्त पैसे येत होते. खरेदीदार बोलीचा आकडा बघून उत्साहाने वाढवत होते, आणि टपालाचा आकडा त्यांच्या हिशोबात पुरता उतरतच नव्हता. घेणाऱ्याच्या बाजूने यातून एकच सवय लावून घ्यायची: तुलना नेहमी एकूण रकमेची.

आणखी एक बारीक गोष्ट. दोघांची कमाल बोली सारखीच निघाली, तर आधी लावणारा जिंकतो. बहुतेक जण गोल आकडे टाकतात. म्हणून ७५० ऐवजी ७५३ टाकावेत. एवढ्याशा फरकाने वस्तू हाती येते, असं पुष्कळदा घडतं.

कधी लावायची

आपला खरा आकडाच टाकायचा असेल तर तो पहिल्या दिवशी टाकला काय आणि शेवटच्या क्षणी टाकला काय, सारखंच, असं वाटेल. सगळे बोली लावणारे शहाण्यासारखे वागले असते तर ते खरंही ठरलं असतं. पण बरेच जण आपला कमाल आकडा आधी ठरवतच नाहीत. दुसऱ्याची बोली दिसली की ते आपली वाढवतात. अशा माणसाला तुमची बोली लवकर दिसली, तर विचार बदलायला त्याला चार दिवस मिळतात.

संग्राह्य वस्तूंमध्ये आणखी एक कारण आहे: माहिती. जाणकार म्हणून नाव झालेल्या संग्राहकाने एखाद्या दुर्लक्षित वस्तूवर बोली लावली, की ती वस्तू अस्सल आहे आणि घेण्यासारखी आहे, हे इतरांना फुकटात कळतं. अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि अॅमेझॉनवरच्या लिलावांची तुलना प्रसिद्ध केली. तेव्हा अॅमेझॉनवरही लिलाव होत. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी बंद व्हायचा. अॅमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर मुदत पुढे सरकायची. ईबेवर शेवटच्या क्षणीच्या बोल्या कितीतरी जास्त होत्या. त्यातही संगणकांपेक्षा जुन्या, दुर्मीळ वस्तूंच्या लिलावात त्या अधिक होत्या. जिथे माहितीला किंमत आहे तिथे जाणकार आपलं तोंड शेवटपर्यंत उघडत नाहीत, असा त्याचा अर्थ.

म्हणून लिलाव ठरल्या वेळी बंद होणार असेल, तर शेवटच्या काही सेकंदांत एकदाच, पूर्ण आकड्याची बोली लावावी. नेट अडखळण्याचा धोका असतो, तेव्हा पाच-सात सेकंद हाताशी ठेवावेत. मुदत वाढवणाऱ्या साइटवर या युक्तीचा उपयोग नाही. तिथे आपला पूर्ण आकडा टाकावा आणि पडदा बंद करून दुसऱ्या कामाला लागावं. समोर बसून राहिलं की आकडा वाढवण्याचा मोह होतोच. काही दिवस आपली बोली सगळ्यात वर राहिली की वस्तू आपलीच झाली असं मन धरून बसतं, आणि मग कोणी पुढे गेलं की आपलं काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटतं. चढाओढ, घड्याळ आणि बघणारे लोक या तिन्हींमुळे माणूस आपल्याच मर्यादेपलीकडे कसा जातो, यावर संशोधनही झालेलं आहे. आकडा कागदावर लिहून ठेवणं, एवढाच साधा उपाय मला यावर भरवशाचा वाटतो.

दुसरा जिथे पोहोचत नाही

सगळ्यांना माहीत असलेली जागा म्हणजे चुकीचं स्पेलिंग. २००७ मध्ये ऑलसॉप्स आर्क्टिक एल या बिअरची १८५२ च्या ध्रुवीय मोहिमेशी जोडलेली बाटली ईबेवर नावात एक अक्षर गाळून विक्रीला आली आणि ३०४ डॉलरला गेली. घेणाऱ्याने स्पेलिंग दुरुस्त करून ती पुन्हा लावली, तेव्हा बोली ५ लाख ३ हजार ३०० डॉलरवर गेली. ही गोष्ट इथेच थांबवून नेहमी सांगितली जाते. ती शेवटची बोली खरी नव्हती, तो व्यवहार पार पडलाच नाही, हे सांगायचं राहून जातं. तरी गोष्टीतला पहिला भाग उपयोगाचा आहे: शोधात जी वस्तू सापडत नाही, तिला दुसरा गिऱ्हाईक मिळत नाही. आता साइटचा शोध बऱ्याच चुका स्वतःच दुरुस्त करतो, त्यामुळे नुसत्या स्पेलिंगवर भिस्त ठेवू नये.

त्यापेक्षा फळ देणारी जागा म्हणजे वर्णनच नसलेली वस्तू. ‘आजोबांचा अल्बम’, ‘जुनी नाणी, डबा भरून’, ‘कपाटात सापडलेली पोस्टकार्डं’ अशा मथळ्याखाली विक्रेत्याने सात-आठ फोटो टाकलेले असतात आणि आत काय आहे हे त्यालाच माहीत नसतं. शोधात नाव टाकून येणारा माणूस तिथे पोहोचत नाही. फोटो मोठा करून एकेक चौकोन बघणाराच पोहोचतो.

उदाहरण म्हणून अशा अल्बमच्या फोटोत पेनी ब्लॅक दिसलं असं समजा. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये निघालेलं हे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट. नाव ऐकूनच नवखा माणूस उडी मारतो. पण अशी सुमारे ६ कोटी ८० लाख तिकिटं छापली गेली होती, म्हणजे ते दुर्मीळ नाही. किंमत ठरते ती कडांवर. या तिकिटांना भोकांची कड नव्हती. २४० तिकिटांच्या तावातून ती कात्रीने कापावी लागत. कापणाऱ्याची कात्री थोडी तिरकी गेली की एका बाजूचा पांढरा समास जायचा, कधी चित्रही कापलं जायचं. चारही बाजूंनी स्वच्छ समास उरलेलं तिकीट आणि दोन बाजूंनी चित्राला लागून कापलेलं तिकीट, यांच्या किमतीत काही पटींचा फरक पडतो. खालच्या दोन कोपऱ्यांतली अक्षरं ते तिकीट तावावर कुठे होतं हे सांगतात, आणि बारकावे जुळवून ते कोणत्या प्लेटवर छापलं हेही काढता येतं. एकूण ११ प्लेटा होत्या, आणि सगळ्या सारख्या सामान्य नाहीत. वर माल्टीज क्रॉसच्या आकाराचा टपालाचा शिक्का बहुधा लाल असतो. लाल शाई धुऊन काढता येत असे, म्हणूनच १८४१ मध्ये तिकीट लाल आणि शिक्का काळा करण्यात आला. याचा उलटा अर्थही लक्षात घ्यायचा: ‘न वापरलेलं’ म्हणून विकलं जाणारं पेनी ब्लॅक धुतलेलं असू शकतं.

एवढं ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी अल्बमचा एक धूसर फोटो पुरेसा बोलका असतो. बाकीच्यांसाठी तो नुसता जुना कागद. पोस्टकार्डांचंही तसंच. मागची बाजू मजकूर आणि पत्ता यांसाठी दोन भागांत विभागलेली असेल तर ब्रिटनमधलं कार्ड १९०२ नंतरचं आणि अमेरिकेतलं १९०७ नंतरचं. विक्रेत्याने लिहिलेलं साल तपासायला तेवढी एक रेघ पुरते. म्हणून एकाच छोट्या विषयात खोल जावं असं मी आग्रहाने सांगेन. दहा विषयांची वरवरची माहिती असलेला माणूस प्रत्येक लिलावात कोणाचा तरी गिऱ्हाईक होतो.

दुसरी दुर्लक्षित जागा थोडी अनपेक्षित आहे. अगदी कमी बोलीपासून सुरू होणारा लिलाव स्वस्त पडेल असं सगळ्यांना वाटतं. पण कमी सुरुवातीला गर्दी जमते, जमलेली गर्दी बघून आणखी लोक येतात, आणि शेवट पुष्कळदा चढाच होतो; गिलियन कू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमकं हेच दाखवलं. याउलट, रास्त पण जरा जास्त वाटणाऱ्या बोलीपासून सुरू झालेली वस्तू आठवडाभर तशीच पडून राहते. तुमच्या हिशोबात ती बसत असेल तर एकाच बोलीत, कोणाशीही न भिडता मिळून जाते. न विकल्या गेलेल्या आणि पुन्हा लावलेल्या वस्तूंची यादीही याच कारणासाठी चाळावी. विक्रेत्याला सभ्यपणे विचारलं तर तोही चार पावलं खाली यायला तयार असतो.

नव्या विक्रेत्यांकडेही किंमत थोडी उतरलेली असते. पॉल रेस्निक आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रयोगात एका अनुभवी व्यापाऱ्याने एकसारखी जुनी पोस्टकार्डं आपल्या जुन्या, नावाजलेल्या खात्यावरून आणि नव्या खात्यांवरून विकली. जुन्या खात्याला सुमारे ८.१ टक्के जास्त मिळाले. माल तोच, माणूसही तोच. फोटो स्पष्ट असतील, परत घेण्याची हमी असेल आणि पैसे साइटच्या संरक्षणाखालीच जाणार असतील, तर ही सूट घेण्यासारखी आहे. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर सोडून द्यावी.

याखेरीज अडचणीच्या वेळी संपणारे लिलाव, चुकीच्या विभागात टाकलेल्या वस्तू, दुसऱ्या भाषेतली वर्णनं. शेवटच्या प्रकारात तर विक्रेत्याच्या भाषेतले आपल्या विषयाचे आठ-दहा शब्द शिकून घेतले आणि त्यांचे शोध जतन करून ठेवले, की पुष्कळ काही समोर येतं.

एकटेच उरलो तर

दुसरा जाणकार नाही म्हणजे सौदा स्वस्त, हे खरं. पण दुसरा जाणकार आला होता आणि बघून निघून गेला, असंही असू शकतं. ही शंका प्रत्येक वेळी मनात यायलाच हवी.

तेलाच्या क्षेत्रांसाठी बोली लावणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत १९७१ मध्ये तीन अभियंत्यांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं. जमिनीखाली तेल किती, याचा प्रत्येकाचा अंदाज चुकत असतो, आणि जिंकतो तो, ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त फुगलेला असतो. याला विजेत्याचा शाप म्हणतात. फोटोवरून नाण्याची अवस्था ठरवणं हाही अंदाजच. पॅट्रिक बाजारी आणि अली होर्ताचसू यांनी ईबेवरच्या नाण्यांच्या लिलावांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. बोली लावणारे वाढतील तसे खरेदीदार आपली बोली थोडी खाली आणतात, असं त्यात दिसलं. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशोब बरोबर आहे: वीस जणांना मागे टाकून तुम्ही जिंकलात, तर तुमचा अंदाज फुगलेला असण्याची शक्यता वीसपट तपासून बघायला हवी.

नाण्यांत सगळ्यात जास्त फसवणूक होते ती साफसफाईने. घासून चकचकीत केलेलं नाणं नवख्याला आवडतं आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत पडलेली असते. तिरक्या प्रकाशात त्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. सरळ वरून काढलेल्या फोटोत त्या लपतात, म्हणून विक्रेत्याकडे तिरक्या उजेडातला फोटो मागावा. देत नसेल तर वस्तू तशीच आहे असं धरून आकडा कमी करावा. नाणी तपासून त्यांची प्रत ठरवणाऱ्या पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या संस्थांच्या सीलबंद डबीतलं नाणं असेल तर १ ते ७० च्या मापावर त्याची प्रत लिहिलेली असते. पण डब्याही बनावट निघतात. डबीवरचा क्रमांक संस्थेच्या साइटवर टाकावा आणि तिथला फोटो असेल तर खुणा जुळवून बघाव्यात.

तिसरा धोका म्हणजे विक्रेत्याने स्वतःच दुसऱ्या नावांनी लावलेल्या बोल्या. २००० मध्ये ईबेवर एका चित्राची बोली १ लाख ३५ हजार ८०५ डॉलरवर गेली. ते नामवंत अमेरिकन चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न यांचं असावं असा लोकांचा समज होईल, अशी त्याची मांडणी होती. विक्रेत्याने स्वतः बोली लावल्याचं उघड झाल्यावर ईबेने तो व्यवहार रद्द केला आणि पुढे त्या टोळीवर खटला चालला. तुमच्या पायरीवर याचा त्रास वेगळा असतो. किंमत दुसरा ठरवतो, तर तो दुसरा खोटा असला की तुमच्या गुप्त आकड्यापर्यंत किंमत ढकलली जाते. शेवटच्या क्षणी बोली लावण्याचा एक मोठा फायदा हाच, की अशा ढकलणाऱ्याला वेळच मिळत नाही.

कधी कधी हा ढकलणारा अंदाज चुकून तुमच्याही वर जातो आणि ‘जिंकतो’. मग दोन दिवसांनी तुम्हाला निरोप येतो: खरेदीदार मागे हटला, तुमच्या बोलीला वस्तू घेता का? खरेदीदार खरोखरच मागे हटलेला असू शकतो. तरीही आपल्या कमाल आकड्याला हो म्हणू नये. बोल्यांचा इतिहास उघडावा, तो मागे हटलेला माणूस त्यातून वजा करावा, आणि उरलेल्यांत किंमत कुठे थांबली असती ते काढावं. तुमची कमाल ७५३ होती आणि त्या माणसाखेरीज तुमच्या खाली सगळ्यात मोठी बोली ५२० ची होती, तर रास्त किंमत ५३० च्या आसपास. तेवढंच सांगावं. विक्रेता नाही म्हणाला तर ती वस्तू पुन्हा लिलावात येईल, तेव्हा बघता येईल.